नाव मोठे होते तेव्हा : पडद्यावरची माणसे आणि आपण

आपल्या वार्षिक मालेत संतवाङ्मय, निजामी राजवट, गोदाकाठची देवस्थाने असे भारदस्त विषय होत आले आहेत. त्या रांगेत सिनेनटांचा विषय घेऊन बसताना थोडा संकोच वाटतो. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. इतिहास हा माझा छंद, व्यवसाय नव्हे. पण हा विषय मला पुस्तकाआधी दवाखान्याच्या बाकावर भेटला. आमच्या पद्धतीत रोग्याचे ऐकून घेण्यात वेळ जातो, त्यामुळे बाहेर थांबलेल्यांनाही बोलायला भरपूर वेळ मिळतो. गेल्या चाळीसेक वर्षांत त्या बाकावर पाऊस, कापसाचा भाव, सोयरिकी आणि सिनेमातली माणसे एवढे चार विषय कधी संपलेले नाहीत.

त्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : "तो तसाच आहे म्हणे." कोणी सांगितले, असे विचारले की उत्तर येते, "सगळेच म्हणतात." ज्याला आपण कधी भेटलो नाही, ज्याच्या घरचे पाणी प्यालो नाही, त्याच्या स्वभावाबद्दल आपल्याला एवढी खात्री कशी असते? आणि आपल्या या खात्रीचा त्या माणसावर काय परिणाम होत असेल? प्रसिद्धीने नट बिघडतो असे आपण सहज म्हणतो. इतिहास पाहिला तर गोष्ट इतकी सरळ नाही. म्हणून मराठी माणसांची काही उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो, आणि शेवटी आपल्या या सीमेवरच्या गावाकडे येतो.

१. नावच नको होते तो काळ

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. त्यातली तारामती कोणी केली? अण्णा साळुंके या तरुणाने. ते एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करीत. फाळक्यांनी स्त्रीपात्रासाठी जाहिरात दिली, शोध घेतला, पण घरंदाज स्त्री तर सोडाच, नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकाही यायला तयार होईनात. पुढे 'लंकादहन' मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. कोणत्याही काळात हा मोठाच पराक्रम. पण आज त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर नावारूपाला आल्या. पण एकंदर समाजाच्या लेखी सिनेमात जाणे म्हणजे नाव घालवणे. आज मुलाने सिनेमात जावे म्हणून आईबाप शिकवण्या लावतात. तेव्हा मुलगी सिनेमात गेली तर धाकट्या बहिणीचे लग्न अडत असे.

हे चित्र पालटण्यात दुर्गाबाई खोटे यांचा वाटा मोठा आहे. माहेर मुंबईच्या लाड या प्रतिष्ठित घराण्याचे, सासर श्रीमंत. सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि दोन मुलांच्या आईला मिळवायला बाहेर पडावे लागले. १९३१ मध्ये 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक छोटीशी भूमिका केली. चित्रपट सुमार निघाला आणि टीका झाली ती मात्र घराण्यावर, संस्कारांवर, बाईच्या चारित्र्यावर. त्या काळी कोणालाही वाटले असते की आता हा अध्याय संपला.

तेवढ्यात प्रभात फिल्म कंपनीचे शांताराम बापू आले आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' मध्ये त्यांनी दुर्गाबाईंना तारामतीची भूमिका दिली. पहिला मराठी बोलपट म्हणून आपण तो ओळखतो. योगायोग पाहा : एकोणीस वर्षांपूर्वी जी तारामती करायला एकही बाई मिळत नव्हती, ती आता घरंदाज, शिकलेल्या स्त्रीने केली, आणि बोटे मोडणारा समाज डोळे पुसत थिएटरबाहेर पडला. वर्षभरापूर्वीची बाई आणि ही बाई एकच होती. तिच्या वागण्यात फरक पडला नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेत पडला होता. दुर्गाबाईंनी हे नीट ओळखले असावे. एकाच कंपनीच्या पगारावर बांधून न घेता त्या वेगवेगळ्या संस्थांत काम करीत राहिल्या आणि आपल्या नावाची सूत्रे त्यांनी आपल्या हाती ठेवली. १९८३ मध्ये त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ज्या फाळक्यांना स्त्री नट मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा.

२. प्रभातचे फाटक

त्या काळात नट म्हणजे कंपनीचा पगारी नोकर. प्रभातची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. तिथे सुतार, रंगारी आणि नायिका एकाच फाटकातून कामाला जात. पण सुताराला गावात कोणी ओळखत नसे, नायिकेला सारा देश ओळखे. ही ओळख कोणाच्या मालकीची, कंपनीच्या की नटाच्या, हा प्रश्न लवकरच उभा राहणार होता.

विष्णुपंत पागनीस यांची गोष्ट आधी सांगतो. ते मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. १९३६ च्या 'संत तुकाराम' मध्ये त्यांनी तुकोबा केले आणि लोकांना वाटले, तुकोबा असेच असणार. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्या चित्रपटाचा गौरव झाला. त्यानंतर पागनीसांना दुसरे काही करायची मुभाच उरली नाही म्हणा ना. तुलसीदास, नरसी भगत, विदुर अशा संतसज्जनांच्याच भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. १९४३ मध्ये ते गेले. लोकांनी त्यांना संत केले, आणि त्यांनीही तो मान खाली पडू दिला नाही. प्रसिद्धी माणसाला नेहमी उर्मटच करते असे नाही. कधी ती त्याच्या खांद्यावर सज्जनपणाचे ओझेही ठेवते.

शांता आपटे यांची गोष्ट वेगळी. १९३७ च्या 'कुंकू' मध्ये त्यांनी नीरा केली. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली आणि ते लग्न मनाने कधीही न स्वीकारणारी मुलगी. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट घराघरांत चर्चिला गेला. दोन वर्षांनी, १९३९ च्या जुलैत, पगार आणि करार यांवरून कंपनीशी वाद झाला तेव्हा शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. देशाने उपोषणे पाहिली होती, पण एक नटी आपल्या मालकाच्या दारात अन्न सोडून बसते हे कोणी पाहिले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यात कलावंताचे, विशेषतः बाईचे, कसे शोषण होते ते सांगितले.

आता आपण स्वतःलाच विचारू या. पडद्यावरच्या नीराचे बंड ज्याला गोड वाटले, त्या प्रेक्षकाला फाटकावरच्या शांताबाईंचे बंड तितकेच गोड वाटले असते का? की तो म्हणाला असता, "नाव झाले आणि डोक्यात हवा गेली"? मला वाटते आपल्यापैकी बहुतेकांनी दुसरे वाक्य उच्चारले असते. कामगार पगारासाठी बसला तर तो हक्क, आणि नटी बसली तर तो नखरा, हा भेद आपल्या मनात आजही आहे. प्रसिद्ध माणसाच्या वागण्याबद्दल जे प्रवाद आपण ऐकतो, त्यांतले किती खरोखर उर्मटपणाचे आणि किती न्याय्य मागणीचे, हे तपासल्याखेरीज शिक्का मारू नये.

३. भूमिकेचा डाग

ललिता पवार यांचे नाव घेतले की आपल्या घरातल्या बायकांच्या कपाळाला अजूनही आठी पडते. बारीक डोळ्याची, सुनेला छळणारी सासू. १९८७ साली दर रविवारी सकाळी रामायण लागे, तेव्हा आमच्या गल्लीत ज्या दोन-तीन घरी टीव्ही होता तिथे पादत्राणांचा ढीग पडायचा. मंथरा पडद्यावर आली की म्हाताऱ्या बायका मोठ्याने शिव्या देत. मी तेव्हा नुकताच दवाखाना टाकला होता. सोमवारी त्याच बायका औषधाला येत आणि सांगत, "ती बाई मुळातच दुष्ट हाय, डोळाच सांगतो ना तिचा."

त्या डोळ्याची हकीकत अशी. येवल्याकडची ही मुलगी मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होती, आणि ती नायिका होती. १९४२ च्या सुमारास 'जंग-ए-आझादी' च्या चित्रीकरणात भगवानदादांनी तिला थप्पड मारण्याचा प्रसंग होता. हात जोरात बसला. चेहऱ्याच्या स्नायूंना हुकूम देणारी नस दुखावली, चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. काही वर्षे उपचारांत गेली. चेहऱ्याची नस गेलेले रोगी मी पाहिले आहेत. हसायला जावे तर तोंड वाकडे होते, डोळा पुरता मिटत नाही, आणि माणूस आरशापुढे उभा राहायचे टाळतो. ललिताबाईंना तर त्याच चेहऱ्यावर पोट भरायचे होते. नायिकेची कामे संपली, तेव्हा त्यांनी खाष्ट सासू पत्करली आणि तिचे सोने केले. 'श्री ४२०' मधली मायाळू केळेवाली आणि 'अनाडी' मधली वरून कडक, आतून मऊ घरमालकीणही त्यांचीच. 'अनाडी' साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पण लोकांनी लक्षात ठेवली ती सासू आणि मंथरा.

म्हणजे एका अपघाताची खूण आपण स्वभावाची खूण म्हणून वाचली. फेब्रुवारी १९९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा घरात त्या एकट्या होत्या. बाहेर कळायला काही दिवस गेले. साऱ्या देशाला चेहरा ठाऊक असलेल्या बाईची ही अखेर.

निळू फुले यांच्या बाबतीत हाच प्रकार आणखी ठळक. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी' पासून त्यांनी जो बेरकी सरपंच आणि पाटील उभा केला, तो पाहून बायका त्यांना प्रत्यक्षात भेटायलाही कचरत. 'सामना' मधले हिंदुराव धोंडे पाटील पाहून आपल्या भागातल्या कित्येकांना आपापल्या गावचा कारखानदार आठवला असेल. प्रत्यक्षातला माणूस कोण? राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, समाजवादी विचारांचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत उभा राहणारा, बोलायला मृदू. डॉ. श्रीराम लागू आणि निळूभाऊ यांनी इतर कलावंतांना बरोबर घेऊन सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी' चे प्रयोग केले. पूर्ण वेळ समाजकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांना आधार मिळावा म्हणून तो निधी होता. नाव लोकांनी दिले, ते लोकांच्या कामी लावू, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. बदनाम भूमिकांनी मिळालेले नाव त्यांनी असे चांगल्या कामी लावले.

पागनीसांना लोकांनी संत केले आणि निळूभाऊंना खलपुरुष. दोघांचेही लोकांनी खरे ऐकून घेतले नाही. रोग्याचा चेहरा पाहून औषध ठरवू नये, आधी त्याचे ऐकावे, असे आम्हाला शिकवतात. नटाच्या बाबतीत आपण ऐकण्याची पायरीच गाळतो.

४. दोन डॉक्टर आणि एक दादा

आता दुसरी बाजू. प्रसिद्धी माणसाला बिघडवतच नाही असे मी म्हणणार नाही. मराठी रंगभूमीवर दोन डॉक्टर होऊन गेले. डॉक्टर या नात्याने दोघांकडे माझे लक्ष पहिल्यापासून होते.

डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. १९६२ मध्ये वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' मध्ये त्यांनी संभाजी केला आणि एका रात्रीत नाव झाले. 'अश्रूंची झाली फुले' मधल्या लाल्याच्या प्रवेशाला शिट्ट्या पडत. त्याआधी मराठी नाटकात शिट्ट्या हा अपमान होता, घाणेकरांना तो मान म्हणून मिळाला. जाहिरातीत सर्व नावांच्या शेवटी 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' असे वेगळे छापले जाई. पुढे मद्य, बेशिस्त, सहकाऱ्यांशी खटके हेही आले आणि नाट्यव्यवसायातले वजन ओसरत गेले. २ मार्च १९८६ रोजी, दौऱ्यावर असताना अमरावतीत ते गेले. वय जेमतेम ५३.

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. पुण्यात आणि आफ्रिकेत व्यवसाय केला आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, व्यवसाय सोडून पूर्ण वेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. नाव त्यांचेही मोठे झाले. पण देवधर्माबद्दलची आपली मते लोकांना रुचणार नाहीत हे ठाऊक असूनही त्यांनी ती उघडपणे मांडली. टाळ्या गमावण्याची त्यांची तयारी होती.

दोघांत फरक कशामुळे पडला? एक चांगला आणि एक वाईट, असा निकाल देण्याचा मला अधिकार नाही. एवढेच दिसते की एकाला नाव विशी-तिशीत, अचानक आले, आणि टाळी हेच अन्न झाले. दुसऱ्याला ते उशिरा आले. तोवर त्याच्यापाशी दुसरा व्यवसाय होता, वाचन होते, मते होती. टाळी थांबली तरी तो उपाशी राहणार नव्हता. आणि हेही विसरू नका की लाल्याला शिट्ट्या मारणारे आपणच होतो. प्रयोगाला उशीर झाला तरी तिकीट परत न मागणारेही आपणच.

तिसरे भगवानदादा, म्हणजे भगवान आभाजी पालव. गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेला, कुस्तीचा षौक असलेला गडी. १९५१ मध्ये 'अलबेला' ने त्यांना डोक्यावर घेतले. जुहूला बंगला आला, गाड्या आल्या. आठवड्याच्या प्रत्येक वाराला वेगळी गाडी होती असे सांगतात. मग पुढचे चित्रपट पडले, काही पुरेच झाले नाहीत, बंगला आणि गाड्या विकाव्या लागल्या. नंतरच्या कित्येक चित्रपटांत ते घोळक्यात दोन पावले नाचताना दिसतात, तीच पावले जी मोठमोठ्या नायकांनी त्यांच्याकडून उचलली. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीत त्यांचे निधन झाले. ज्या थपडेने ललिताबाईंचे नायिकापद गेले, ती थप्पड यांच्या हातची. पण ललिताबाई पडत्या काळात कामाला चिकटून राहिल्या, आणि दादा चढत्या काळात पैशाला धरून राहू शकले नाहीत. दुर्दैव दोघांच्याही वाट्याला आले. मात्र दादांच्या बाबतीत ते यशाच्या पाठोपाठ आले, म्हणून कोणाला लवकर ओळखता आले नाही.

५. आपल्या दारात आलेली प्रसिद्धी

वाचकहो, हे सगळे पुण्या-मुंबईचे झाले. आपण भैंशाचे. १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले, नांदेड तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. जिल्हा आदिलाबाद, २०१६ पासून निर्मल. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि उर्दू. मराठी सिनेमा पाहायचा तर नांदेडची गाडी धरायची. गावच्या टॉकीजवर मात्र एन. टी. रामाराव यांचा उंच कटआउट आणि त्यावर फुलांचा हार.

रामाराव १९४९ पासून पडद्यावर. १९५७ च्या 'मायाबजार' मध्ये त्यांनी कृष्ण केला, १९६० मध्ये वेंकटेश्वर केले. तिरुपतीचे दर्शन घेऊन यात्रेकरू मद्रासला त्यांच्या घरी त्यांना पाहायला जात, हे प्रसिद्धच आहे. पागनीसांच्या वाट्याला आलेला भक्तिभाव इथे दसपट होऊन आला. पागनीसांना त्याने आणखी भूमिका दिल्या. रामारावांना राज्य दिले. २९ मार्च १९८२ रोजी त्यांनी तेलुगू देसम पक्ष काढला, एका मोटारीचा रथ करून गावोगाव हिंडले, आणि ९ जानेवारी १९८३ रोजी मुख्यमंत्री झाले. पक्ष काढून पुरते दहा महिनेही झाले नव्हते. मी तेव्हा विद्यार्थी होतो. आमच्या घरी मात्र शंका होती. "नाटकी माणूस, काय राज्य करणार?" असे वडील म्हणत.

त्या नाटकी माणसाने काय केले ते आपल्या घरांनी अनुभवले. दोन रुपये किलोने तांदूळ दिला. १९८४ च्या जानेवारीत एका वटहुकुमाने पटेल-पटवारी ही वतनदारी परंपरेची पदे रद्द केली. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पटवारगिरी होती. दप्तर, शाई, गावचा मान, सगळे एका दिवसात गेले. कित्येक घरांत त्या दिवशी सुतक असल्यासारखी शांतता होती, हे मी माझ्या मित्रांच्या घरी पाहिले आहे. त्याच वेळी मागच्या गल्लीत, पटवाऱ्याच्या ओट्याखाली उभे राहून बोलणाऱ्या माणसांनी गूळ वाटला. दोन्ही खरे होते. मग वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क आला. ५ सप्टेंबर १९८५ पर्यंत लग्न न झालेल्या मुलींना तो मिळाला. महाराष्ट्रात तसा कायदा १९९४ मध्ये झाला. म्हणजे नांदेडच्या नणंदेला जे नव्हते ते भैंशाच्या वहिनीला, तिचे लग्न त्या तारखेनंतर झाले असेल तर, माहेरी नऊ वर्षे आधी मिळाले.

हे धाडस कुठून आले? पडद्यावरच्या देवाला लोक अडवत नाहीत, या विश्वासातूनच काही अंशी आले असावे. आणि अडचणही तिथूनच आली. सेटवर सगळे ऐकतात, मंत्रिमंडळात ऐकतीलच असे नाही. १९८४ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि महिनाभरात ते परत आले. पण १९८९ मध्ये त्यांनी आपले सगळे मंत्रिमंडळ एका फटक्यात काढून टाकले, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत हरले. १९९४ च्या शेवटी प्रचंड बहुमताने परतले, आणि आठ-नऊ महिन्यांत, ऑगस्ट १९९५ मध्ये, जावयाच्या पुढाकाराने त्यांच्याच आमदारांनी त्यांना खाली उतरवले. या वेळी लोक पूर्वीसारखे रस्त्यावर आले नाहीत. १८ जानेवारी १९९६ रोजी ते गेले. लोकांची भक्ती तीच होती, पण तिच्यावर किती काळ विसंबायचे हे ओळखणे त्यांना जमले नाही, असे मला वाटते.

६. लहान गावातले लहान नाव

इथवर मी दुसऱ्यांचेच सांगितले. तेवढ्यावर थांबलो तर लबाडी होईल.

आम्ही सैतवाळ जैन. दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. मार्दव म्हणजे मऊपणा, अभिमानाचा अभाव. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत मान हा सर्वांत लपून राहणारा, असे लहानपणी मंदिरात ऐकले होते. आपण तर साधी माणसे, आपल्याला कसला मान, असे तेव्हा वाटे.

दवाखाना चालू लागल्यावर सात-आठ वर्षांत गावात माझे नाव झाले. "हाताला गुण आहे" असे लोक म्हणू लागले. मुधोळ, बासर, भोकरकडून रोगी येऊ लागले. बाजारातून जाताना लोक उठून उभे राहत आणि मला ते आवडू लागले. तशातच एके दिवशी एका ओळखीच्या शेतकऱ्याने दहा वर्षांच्या मुलाला आणले. पोटात दुखत होते, अंगात बारीक ताप होता. दुसऱ्या दिवशी दुखणे उजवीकडे खाली सरकले. त्याच क्षणी त्याला नांदेडला शल्यचिकित्सकाकडे पाठवायला हवे होते. हे मला कळत नव्हते असे नाही. पण बाकावर दहा माणसे बसली होती, आणि "या डॉक्टरलाही जमले नाही" हे शब्द मला त्यांच्या तोंडी ऐकू येत होते. मी आणखी एक दिवस पुड्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे बापाने माझी वाट न पाहता जीप केली आणि मुलाला नांदेडला नेले. आंत्रपुच्छ फुटायच्या बेतात होते. शस्त्रक्रिया झाली, मुलगा वाचला.

खरी गोष्ट त्यापुढे आहे. गावात बोलले गेले ते असे : "डॉक्टरांनी वेळेवर ओळखले म्हणून पोरगा वाचला." आणि मी गप्प बसलो. एक-दोन वर्षे नव्हे, पुष्कळ वर्षे. माझ्या नावाने जे खोटे उभे केले, ते मी पाडले नाही.

शेवटी एका क्षमावाणीच्या दिवशी मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो आणि झालेले सगळे सांगून क्षमा मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "राहू द्या ना डॉक्टरसाब. मला तवाच कळलं होतं. पण तुमचं नाव हाय गावात, म्हणून मीच तसं सांगितलं लोकायला."

वाचकहो, त्या एका वाक्यात मला या विषयाचे जे आकलन झाले ते पुस्तकांतून झाले नव्हते. माझे नाव मी एकट्याने कमावले नव्हते आणि मी एकट्याने सांभाळतही नव्हतो. ज्याचे माझ्या हातून नुकसान होणार होते, त्यानेच ते उचलून धरले होते. एका तालुक्याएवढ्या नावाने मला एक दिवस आंधळे केले. ज्यांचे नाव साऱ्या देशात घेतले जाते, त्यांना रोज किती वेळा असे होत असेल, आणि त्यांच्या आजूबाजूची किती माणसे त्यांना सांभाळून घेत असतील, याचा विचार करून पाहा.

म्हणून दोनच विनंत्या करतो. कोणा नटाबद्दल, नटीबद्दल "ती तशीच आहे म्हणे" हे वाक्य आपल्या तोंडी येईल तेव्हा ललिताबाईंचा डोळा आणि निळूभाऊंचे माळीकाम आठवावे, आणि आपल्याला नक्की काय ठाऊक आहे ते तपासावे. आणि ज्याच्यावर आपले प्रेम आहे, तो पडद्यावरचा असो, राजकारणातला असो, गावचा डॉक्टर असो, त्याच्या चुकीवर पांघरूण घालू नये. तो शेतकरी दुसऱ्याच दिवशी माझ्या दवाखान्यात येऊन सर्वांसमोर मला खडसावून बोलला असता, तर माझे नाव थोडे कमी झाले असते. त्यानंतरच्या रोग्यांचा मात्र त्यात फायदाच झाला असता.

तो मुलगा आता स्वतः दोन मुलांचा बाप आहे. मुले आजारी पडली की माझ्याकडेच आणतो. पोटदुखी असेल तर मी पुडी बांधण्याआधी त्याला विचारतो, "नांदेडला कधी निघतोस?" तो हसतो. मी चिठ्ठी लिहून देतो.